कानसेनचा उजवा कान

फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं.

स्पार्क प्लगच्या टोकाला चांदीसारखा एक कण चिकटलेला. मिठाच्या खड्याहून लहान.

पोरगी गाडी चालवताना फोन पिशवीत टाकते आणि पिशवी मागच्या सीटवर. ही शिस्त तिला बापाने लावली.

बोगद्यात चढ आहे, आणि कडेला थांबायला जागा नाही.

जावयाला कसलासा आवाज आला. त्याने रेडिओ मोठा केला.

गाडीचं काम झालं ती सकाळ थंड होती, आणि थंड हवेत सगळीच इंजिनं शहाण्यासारखी वागतात.

*

त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव बायकोलाही जरा थांबून आठवावं लागे. धंदा एकच, टर्बोवाल्या गाड्यांची ताकद वाढवायची. पाना-स्क्रू कमी, लॅपटॉप जास्त.

टर्बो म्हणजे काय, हे तो गिऱ्हाइकाला स्वतःच्या फुफ्फुसावर हात ठेवून सांगायचा. गाडीचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो, ते चाक इंजिनात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. कारखाना मात्र हा जोर पुरता वापरू देत नाही. हात राखून ठेवतो. कारण कोणी भिकार पेट्रोल भरेल, कोणी ऑइल बदलायचं विसरेल, कोणी भर उन्हात चार माणसं आणि सामान घेऊन चढाला लागेल. त्या सगळ्यांच्या चुकांसाठी ठेवलेली ती जागा. कानसेन ती जागा काढून घ्यायचा आणि ताकद म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सुरुवातीच्या काळात तो हे बोलूनही दाखवत असे. पुढे नाव झालं, आणि कोणी विचारेनासं झालं.

भीती एकाच गोष्टीची. हवा मर्यादेबाहेर दाबली की आतलं पेट्रोल ठिणगीनंतरच्या ज्वाळेची वाट बघत नाही, आपलं आपणच पेटतं, एकदम. तो दणका पिस्टनच्या डोक्यावर बसतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. बाहेर ऐकू येते ती बारीक टकटक. एकदोनदा झाली तर इंजिन सोसतं. रोज होत राहिली तर एके दिवशी सोसत नाही, आणि तो दिवस आधी कळवून येत नाही.

म्हणून प्रत्येक इंजिनावर एक सेन्सर असतो. त्याचं काम फक्त ऐकणं. टकटक आली की तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर माघार घेतो.

कानसेनचा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. तो इंजिनावर स्वतःचा माइक बसवायचा आणि हेडफोनची एकच बाजू कानाला लावायचा. उजवी. डावा कान मोकळा, कारण वर्कशॉपमध्ये फोन वाजतो, कंप्रेसर बोंब मारतो, वेल्डर काहीतरी विचारतो. गेली कित्येक वर्षं सगळी इंजिनं त्या एका कानात आपलं दुखणं सांगून गेली होती. इतकी, आणि इतक्या मोठ्याने.

*

पोरगी कधी काही मागणारी नव्हती. लग्नातही बापाला म्हणाली होती, तुमचा वेळ द्या, बाकी काही नको. आणि तो नेमका त्याच्याकडे नव्हता. त्यामुळे ती जेव्हा म्हणाली, बाबा, आमची गाडी बोगद्याच्या चढावर धापा टाकते, मागून ट्रक अंगावर येतात, मला भीती वाटते, तेव्हा कानसेनला इतका आनंद झाला की त्याने हातातलं काम बाजूला सारून तिची गाडी रोलरवर चढवली.

वेल्डर तिथेच होता. वेल्डर म्हणजे धंद्यातला जोडीदार, शाळेपासूनचा दोस्त, आणि मूळचाच कमी बोलणारा. गाडी रोलरवर जागच्या जागी धावत होती. लॅपटॉपवर ताकदीची रेघ चढत होती, आणि तिच्या खाली मधूनमधून एक लाल खूण उठत होती. सेन्सर म्हणत होता, टकटक आहे.

कानसेनने हेडफोन उजव्या कानाला दाबला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. काही नाही. इंजिन मऊ चाललं होतं, मांजरासारखं.

खाली वाकून त्याने एक्झॉस्टवरचा पत्रा हलवून पाहिला. पत्रा किंचित ढिला होता. मग काय, चोर सापडला. पत्रा थरथरतो आणि सेन्सर त्यालाच टकटक समजून बसतो. जुन्या गाड्यांत असं होतं, आणि हे खरंही आहे. पत्रा आवळून पुन्हा बघायला हवं होतं. पण त्याचा बोल्ट गंजलेला, आणि पोरगी जेवायला थांबली होती.

वेल्डर म्हणाला, थोडं कमी ठेवू या का. कानसेन हसला.

"सेन्सर भित्रा असतो रे. त्याला ऐकू येतं, पण कळत नाही."

आणि त्याने सेन्सर बहिरा केला. पुरता नाही, थोडासा. लॅपटॉपवर एक आकडा बदलला की झालं. लाल खुणा थांबल्या. वेल्डरने हातमोजे काढले, पुन्हा घातले, आणि कामाला लागला.

गाडी घेऊन जाताना पोरगी चक्क बापाच्या गळ्यात पडली.

*

(बेकरीवाल्याची गाडी.)

बेकरीवाल्याचीही गाडी कानसेनने त्याच सुमारास लावली होती, म्हणजे ताकद वाढवून दिली होती. ती दोरीला बांधून परत आली. बेकरीवाला भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसता उभा राहिला, पिठाचे हात एकमेकांवर चोळत, आणि म्हणाला की ती छान पळत होती हो, अगदी शेवटपर्यंत.

स्पार्क प्लग काढला तर टोकाला तो कण. पिस्टनचं ॲल्युमिनियम. इंजिन खोललं तर पिस्टनची कड मोडलेली, बिस्किटाचा घास घेतल्यासारखी.

कानसेनने पेट्रोलला दोष दिला. हल्ली काय काय मिसळतात, सांगता येत नाही, म्हणाला. बेकरीवाल्याने मान हलवली. वेल्डर गप्प राहिला. तो एरवीही गप्पच असतो, पण या वेळचं गप्प राहणं जरा लांबलं.

*

रविवारची सकाळ. कानसेन स्वयंपाकघरात टेबलाशी बसून चहा पीत होता, फ्रिजला उजवा खांदा लागेल इतका जवळ. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती हातात ओला टॉवेल तसाच घेऊन आत आली.

"अहो, दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज केव्हाचा बोंबलतोय. मला बाहेर ऐकू येतंय आणि तुम्ही शेजारी बसून ढिम्म."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. तिने दार ढकललं. तिच्या कपाळावरची आठी गेली, म्हणजे आवाज थांबला असणार. त्याच्यासाठी काही थांबलं नाही. काही चालूच नव्हतं.

त्याने दार पुन्हा किलकिलं करून ठेवलं आणि वाट पाहिली. बायकोने विचारलं, हा काय पोरखेळ. त्याने हात वर करून तिला थांबवलं. मग मान वळवून डावा कान पुढे केला. होता आवाज. बारीक, टोकदार, सुईसारखा. मान फिरवून उजवा कान पुढे केला. सुई गेली. फ्रिजची घरघर तेवढी राहिली, जाड आणि मऊ. मांजरासारखी.

डावा. उजवा. डावा. उजवा.

बायकोने ओला टॉवेल खांद्यावर टाकला.

त्याच्या डोळ्यांपुढे आधी बेकरीवाल्याचे पिठाचे हात आले. मग रोलरवरची गाडी आली, लाल खुणा आल्या. त्याने विचारलं, पोरगी कुठे आहे. बायको म्हणाली, सकाळीच नाही का सांगितलं मी, विहीणबाईंना आणायला निघालीय, डोंगरापलीकडे. तुम्ही हं म्हणालात.

*

पोरीचा फोन वाजला. वाजत राहिला. मागच्या सीटवर, पिशवीत.

जावई घरीच होता, त्याने मात्र लगेच उचलला. कानसेनने आवाज साधा ठेवून गाडीची चौकशी केली.

"एक नंबर, बाबा. चढावर ट्रक आता मागे राहतात. फक्त जरा..."

"जरा काय?"

"जोरात दाबली की खडखडतं. डब्यात खडे घालून हलवावेत ना, तसं. मी तिला म्हटलं, बाबांना विचारू या. तर मलाच हसली. म्हणाली, बाबांनी कानाने लावलेली गाडी आहे, आवाज असायलाच हवा म्हणून असेल."

कानसेनने सांगितलं की ती पोचली की लगेच कळव, आणि तिला म्हणावं परत येताना गाडी आणू नको. जावई विचारत राहिला, काय झालं, बाबा, काय झालं. पलीकडे विहीणबाईंना फोन लावला तर त्या खूश होत्या. अजून आली नाही, पण येईलच, आता काय तुमच्या कृपेने गाडी वाऱ्यासारखी पळते, म्हणाल्या. हो हो म्हणून त्याने ठेवला.

स्वतः गाडी चालवायचा धीर झाला नाही. मग वेल्डरला बोलावलं. वेल्डर त्याचा लोखंड वाहणारा खटारा घेऊन आला, काही न विचारता. बायको दारात तशीच उभी होती, ओला टॉवेल खांद्यावर.

*

शहर मागे पडलं. ऊन तापत होतं. कानसेन मनात हिशेब मांडत होता, जसा मांडायला गिऱ्हाइकांना शिकवायचा तसा. गाडी लावली तेव्हा हवा थंड होती, आज उकाडा. तेव्हा रोलर सपाट होता, आज चढ. आणि मुलगी घाबरली की दाबते, लहानपणी सायकलवरही दाबायचीच. कारखान्याने या प्रत्येक गोष्टीसाठी थोडी थोडी जागा ठेवली होती. ती त्याने एकेक करून उचलली होती, स्वतःच्या हाताने, तिला भीती वाटू नये म्हणून.

डोंगराचा पायथा दिसू लागल्यावर वेल्डरने घसा साफ केला.

"मला त्या दिवशी ऐकू आलं होतं."

कानसेनने त्याच्याकडे पाहिलं.

"टकटक. हेडफोनशिवाय. बेकरीवाल्याच्या वेळीही."

"मग बोलला का नाहीस?"

वेल्डरने गिअर बदलला. खटाऱ्याने आचका दिला.

"तू म्हणालास पत्रा. मला वाटलं, पत्रा."

सेन्सरला ऐकू आलं, वेल्डरला आलं, जावयाला आलं, पोरीलाही आलं. जो तो कानसेनकडे बघून गप्प बसला. लॅपटॉपवर त्याने एकच तोंड बंद केलं होतं. बाकीची आपोआप मिटली होती.

*

बोगद्याच्या बऱ्याच अलीकडे गाड्या थांबलेल्या. माणसं उतरून उभी, कोणी माना उंच करून बघतंय, कोणी फोनवर उशीर होईल म्हणून सांगतंय. इंजिनं बंद. रविवारच्या मानानेही शांतता जास्तच.

तो गाड्यांच्या मधून चालू लागला, मग धावू लागला. वेल्डर मागे राहिला. बोगद्याच्या तोंडातून निळसर धूर सावकाश बाहेर येत होता, आणि जळक्या ऑइलचा तो वास त्याला झोपेतही ओळखता आला असता. आतले दिवे पिवळे. रस्त्यावर काळा पट्टा, वरून खाली ओघळत आलेला, चकचकीत.

पोरगी फुटपाथच्या कडेला बसली होती. कोणाचं तरी जाकीट खांद्यावर. तिला काही झालं नव्हतं. त्याने तिचं डोकं, हात, गुडघे चाचपून पाहिले, ती तान्ही असताना पाहायचा तसे. काही नव्हतं झालं. तो तिच्या शेजारी बसला, आणि पुढची काही मिनिटं तो जगातला सर्वात सुखी माणूस होता.

मग ती बोलायला लागली. मोठा दणका झाला, आतून कोणीतरी घण घातल्यासारखा. जोर गेला, धूर झाला. तिने ब्लिंकर लावले, गाडी भिंतीला घासत कडेला घेतली, उतरून पुढे पळाली. बापाने शिकवलेलं सगळं केलं. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ऑइल उताराने मागे गेलं, हेही नाही.

"बाबा, मागून एकजण आला. मोटारसायकलवर. जोरात नव्हता हो. त्याने ब्रेक लावला आणि गाडी त्याच्या खालून निघूनच गेली. मी बघत होते."

रुग्णवाहिका पट्ट्याच्या खालच्या टोकाला उभी होती. तिची मागची दारं उघडी होती, आणि तिच्यातल्या माणसांना आता घाई नव्हती.

पोलीस आला. तरुण होता, बोलायला सौम्य. गाडीला नेमकं काय झालं, म्हणून त्याने पोरीला विचारलं. तिने डोळे पुसले आणि बापाच्या दंडावर हात ठेवला.

"यांना विचारा. हे यातलेच आहेत."

पोलीस कानसेनच्या उजव्या बाजूला येऊन वाकला, आणि वाट बघत उभा राहिला.

मोटारसायकलवाला सुतार होता. त्या सकाळी त्याने एका शाळेच्या सगळ्या खिडक्या बसवून पुऱ्या केल्या होत्या.