आवाज गुडघ्याचा की सायकलचा

नळवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातले आवाज ओळखले होते. पाइपात हवा अडकली की ती कशी गुरगुरते, वायसर झिजला की नळ कशी बारीक शीळ घालतो, हे त्यांना दारात चपला काढतानाच कळायचं. पण गेली दोन वर्षं त्यांच्या स्वतःच्या घरात एक ‘कट्’ वाजत होतं, आणि ते कशातून येतं यावर घरात एकमत होत नव्हतं.

आवाज त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचा होता, नाहीतर तिच्या सायकलचा. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बायको निवृत्त टपालवाली. गल्लीत अजूनही सगळे तिला टपालबाईच म्हणत. नोकरी संपली, खांद्यावरची पिशवी गेली, पण सायकल तिची स्वतःची होती, ती राहिली. सकाळचा चहा झाला रे झाला की बाई सायकलवर. टेकडीवरच्या वाचनालयात, मैत्रिणीकडे, आणि कुठेच जायचं नसेल तर उगाच चढ चढून परत खाली यायला. चढावर ती सीटवरून उठून, उभी राहून पायडल मारायची, आणि उजवा पाय खाली गेला की दर फेरीला कट्.

“गुडघा आहे तो,” मुलगी म्हणायची. मुलगी हाडांच्या वॉर्डात नर्स होती आणि दिवसभर मोडके गुडघे बघून तिला जगात दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

“सायकल आहे ती,” आई म्हणायची. “पायडलांच्या मधे नळा असतो ना, त्यातलं काहीतरी गेलंय. माझा गुडघा ठणठणीत आहे.”

मग मुलीने स्वतः सायकलवर बसून अंगणात चार चकरा मारल्या. जराही आवाज आला नाही. मुलीने फक्त भुवया वर केल्या. टपालबाई चिडून म्हणाल्या की तू चहात साखर ढवळल्यासारखी पायडल मारतेस, चढावर उभी राहून मार म्हणजे कळेल. पण त्याच संध्याकाळी जिना चढताना त्यांचा गुडघा नेमका वाजला, आणि त्यांची बाजू फारच लंगडी पडली. शेवटी मायलेकींचा करार झाला. रविवारी दुपारी मुलगी गाडी घेऊन येणार. तोवर सायकलमधला दोष दाखवता आला तर सायकल राहील. नाहीतर ती गाडीच्या डिकीत जाईल, वॉर्डातल्या एका तरुण नर्सला देऊन टाकायला, आणि टपालबाई त्याबद्दल पुन्हा ब्र काढणार नाहीत.

नळवाल्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना मनातून गुडघाच हवा होता.

टपालबाईंचं वाईट चिंतायचं म्हणून नव्हे हो. बायको सायकलवर गेली की घर कसं खायला उठायचं. त्यांची स्वतःची कामं बंद झाली होती, सायकल त्यांना येत नव्हती, आणि वर्तमानपत्र किती वेळा वाचणार? ते पायरीवर बसून राहायचे. ट्रक, वळणं, ओली पानं, नको नको ते डोळ्यांपुढे यायचं. मग कोपऱ्यावरून कट्, कट् ऐकू आलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ते घाईघाईने आत जाऊन वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. वाट बघत होतो हे कळता कामा नये, एवढा ताठा त्यांच्यात अजून होता.

आणि आता दोष शोधायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. सायकलवाला दुकानाला कुलूप लावून स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणाला गेला होता, आणि नळ्याच्या दोन टोकांना आट्यांवर बसणारे, छर्रे धरणारे वाटीसारखे कप काढायचा खास पाना त्याच कुलपाआड होता.

“तुम्हाला जमेल ना?” शनिवारी दुपारी टपालबाईंनी विचारलं.

“आटे ते आटे,” नळवाले म्हणाले. “पाइपाचे काय, सायकलचे काय. डावीकडे फिरवलं की सुटतं.”

सुरुवात तर झकास झाली. लाकडाचा ठोकळा आधाराला लावून त्यांनी पायडलांचे दांडे अडकवणारे कॉटरचे खिळे ठोकून काढले, दांडे उतरवले. डाव्या अंगाची चकती छिन्नीच्या टोकाने हळूहळू टिचक्या मारून सैल केली. डावा कप सुटला, छर्रे घरंगळत डब्याच्या झाकणात पडले, आडवा दांडा बाहेर आला. टपालबाईंनी एकेक छर्रा पदराने पुसून खिडकीच्या उजेडात धरला. सगळे चकचकीत. दांड्यावर ओरखडा नाही, डावा कप आतून काचेसारखा गुळगुळीत.

टपालबाईंचा चेहरा उतरला. तो नळवाल्यांना बघवेना, म्हणून ते घाईने म्हणाले, “अजून उजवा कप आहे की.”

उजव्या कपाने मात्र त्यांना पाणी पाजलं. त्याला धरायला बाहेरून दोन चपट्या कडा, त्याही नखाएवढ्या जाड. पाइप पाना लावला की सटकायचा आणि जाताना कडेचा एक टवका घेऊन जायचा. नळवाल्यांनी रॉकेल सोडलं, हातोड्याने कडा ठोकून बघितली, पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घालून त्यावर लोंबकळले. कप डावीकडे तसूभर हलला, असं त्यांना वाटलं. मग अजिबात हलेना. संध्याकाळपर्यंत तिघांचेही हाल झाले होते, त्यांचे, पान्याचे आणि कपाचे.

टपालबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “अहो, तुम्ही मुद्दाम तर नाही ना करत?”

नळवाल्यांना ते फार लागलं. “कामात?” ते म्हणाले. “कामात मी मुद्दाम काही करतो?”

रविवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांना उपाय सुचला. बाहेरून धरता येत नाही ना, मग आरपार धरू. अडगळीच्या पेटीतून त्यांनी अंगठ्याएवढा जाड बोल्ट काढला. कपाच्या भोकातून तो आतल्या बाजूने बाहेर ओवला, दोन्हीकडे जाड वायसर घातले आणि बाहेरून नट चढवला. नट आवळला की कप दोन वायसरांच्या चिमट्यात पक्का बसणार, मग सगळंच्या सगळं डावीकडे फिरवायचं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी नट आवळला, पाना डावीकडे दाबला, आणि नट आरामात सैल होऊन हातात आला. कप जागचा हलला नाही.

पुन्हा आवळलं, पुन्हा डावीकडे दाबलं, पुन्हा तेच. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून टपालबाई म्हणाल्या, “मी चहा टाकते,” आणि आत गेल्या.

नळवाले हट्टाला पेटले. आता नट असा आवळतो की त्याचा बापही सुटणार नाही, असं म्हणत त्यांनी पान्यात पुन्हा पाइप घातला, सायकलच्या सांगाड्यावर गुडघा रोवला आणि उजवीकडे, आवळायच्या दिशेने, सगळा भार टाकला. नट घट्ट झाला. आणखी घट्ट झाला. मग काहीतरी ‘टक्’ करून सुटलं आणि ते पान्यासकट पुढे झुकले. त्यांना वाटलं बोल्ट तुटला. बघतात तर नट, वायसर आणि कप, सगळी वरात एकत्र उजवीकडे फिरली होती, आणि कप चांगला सूतभर बाहेर आला होता.

ते तसेच जमिनीवर बसले. म्हणजे या बाजूचे आटे उलटे होते. काल दुपारभर पाइपाला लोंबकळून त्यांनी कप सोडवला नव्हता, आवळला होता. जन्मभर ज्या एका गोष्टीबद्दल त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ती या बाजूला नेमकी उलटी निघाली. त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि ते एकटेच फिदीफिदी हसत बसले.

पुढे कप नुसत्या बोटांनी फिरवतच निघाला. आत काळं, वाळलेलं ग्रीस होतं. त्यांनी ते चिंधीने पुसलं आणि अंगठा आतून फिरवला. एका जागी नख अडकलं. कप उजेडात धरला. कडेपासून आतपर्यंत केसासारखी चीर गेली होती. दोन बाजूंनी दाबलं की ती मिटायची, सोडलं की उघडायची, आणि उघडताना बारीकसा आवाज करायची. कट्.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मुलगी तासाभरात येणार होती. त्या चिरेत परत ग्रीस दाबलं असतं, तर मुलीला काय, टपालबाईंनाही ती दिसली नसती. ‘बघ बाई, हाही कप धडधाकट आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. सायकल डिकीत गेली असती. उद्यापासून सकाळी दोघं पायरीवर बसली असती, शेजारी शेजारी, आणि ट्रकबिकांचा विचार करायचं कारणच उरलं नसतं. ग्रीसची डबी त्यांच्या पायाशीच होती. नळवाले तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“अगं,” मग त्यांनी हाक मारली, “इकडे ये. सायकलच गळतेय.”

टपालबाई चहा घेऊन आल्या. चिरलेला कप हातात घेतला, दाबला, कट् ऐकलं, पुन्हा दाबला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचा हात का थरथरतोय?”

“पान्याने,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाही. लपवावंसं वाटलं मला. तू जातेस तेव्हा मला घरात करमत नाही. भीती वाटते.”

“मग लपवलं का नाहीत?”

“लोकांना जन्मभर खरं सांगितलं कुठून गळतंय ते,” नळवाले म्हणाले. “घरात खोटं सांगू?”

टपालबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि स्वतःच्या चहातला अर्धा त्यांच्या चहात ओतला.

मुलगी आली. तिने चीर पाहिली, नखाने तपासली, दाबून ऐकली. एखाद्या पेशंटचा एक्स-रे बघावा तसा तिने तो कप खिडकीशी नेऊन उलटसुलट केला आणि शेवटी मान्य केलं. “पण जिन्यावर वाजतो तो गुडघाच आहे,” ती म्हणाली.

“मग मी जिन्यावर सायकल चालवणार नाही,” आई म्हणाली.

आठवड्याने सायकलवाला आजोबा होऊन परतला. त्याने नवा कप बसवला, बोल्टाची हकीकत ऐकून नळवाल्यांना हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी चहा झाला रे झाला की टपालबाई निघाल्या. नळवाले पायरीवर आले. बायको चढावर सीटवरून उठली, उजवा पाय खाली गेला, वर आला, खाली गेला. काही वाजलं नाही. छान काम झालं होतं. ती वळणाआड गेली आणि सगळं शांत झालं.

ते बसले. कान कोपऱ्याकडे लावून बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आता कान लावून काही उपयोग नाही. ते उठले. फाटकापर्यंत गेले. फाटकाबाहेर आले. वर्तमानपत्र आतच राहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून, डोळ्यांवर हात धरून, चढाकडे बघू लागले. कुणी बघतंय का, याची त्यांना शुद्ध नव्हती.

टपालबाई त्या दिवशी मागच्या गल्लीने आल्या. त्यांनी लांबूनच रस्त्यात उभा असलेला नवरा पाहिला, पायडल थांबवलं, आणि सायकल नुसती घसरत त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. नळवाल्यांना काही कळलं नाही.

“कुणाची वाट बघताय?” टपालबाईंनी विचारलं.

“तुझी,” नळवाले वळून म्हणाले.