नाव तेवढं राहू द्या

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी ऑफिसातून फोन आला तेव्हा द्वारकाबाईंना बरंच वाटलं. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत त्यांचा सल्ला हल्ली फक्त पाण्याच्या टाकीबद्दल घेतला जाई.

"मॅडम, मी ऋतुजा. आपण भेटलेलो नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "जुना कोड कुणी लिहिला, कुठून आणला, हे सांगणारं इथं कुणी उरलेलं नाही. सगळे म्हणतात, द्वारकाबाईंना विचार, त्यांना तीस वर्षांपूर्वीच्या डब्यातली भाजीसुद्धा आठवते."

"भाजी आठवते, आणि डबा कुणाचा होता तेही," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्वेनगरच्या ऑफिसात जाऊन बसल्या.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. द्वारकाबाईंनी तिथं तेहतीस वर्षं काढली होती. चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे दिवस त्यांनी पाहिले होते. आता तिथं ऋतुजानं नवीन खातं काढलं होतं, ओपन सोर्स प्रोग्रॅम ऑफिस. खातं म्हणजे जिन्याजवळचं एक टेबल आणि ती स्वतः.

"जगातली माणसं आपला कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवतात," ती सांगू लागली. "तो आपण कुठं कुठं वापरलाय आणि त्यांच्या अटी पाळल्यात का, हे बघायचं. नसतील पाळल्या तर सुधारायचं. आणि आपणही आपलं काहीतरी मोकळं करायचं."

"म्हणजे शेजाऱ्यांकडून आणलेली वाटी परत देताना रिकामी द्यायची नाही."

"अगदी तेच. हे माझ्या प्रेझेंटेशनमध्ये घालू का?"

मग ऋतुजानं आनंदाची बातमी सांगितली. कंपनी पहिल्यांदा मोकळा करणार होती तो भाग होता 'नामशोध'. पेशंटचं नाव कुणी कसंही लिहिलेलं असो, त्याचे जुने केसपेपर हा भाग हुडकून काढी. शेकडो दवाखाने त्यावर चालत होते. फाइलच्या माथ्यावर कंपनीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं : लेखन, द्वारका निमकर, १९९६.

"कोड कुठून आलाय ते तपासणाऱ्या प्रोग्रॅमनंही सांगितलं, शंभर टक्के आपलंच काम. शुक्रवारी समारंभ आहे मॅडम. जुनी सगळी माणसं येणार आहेत. जगात कुणीही वापरलं तरी तुमचं नाव राहील."

द्वारकाबाईंनी चष्मा काढून पुसला. ऋतुजाला वाटलं, बाई भारावल्या.

बसमधून घरी जाताना त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. ती फाइल त्यांनी लिहिली नव्हती.

शहाण्णव साली त्यांना पहिलं मोठं काम मिळालं होतं आणि ते नावं जुळवण्यापाशी अडलं होतं. आठवडाभरात सॉफ्टवेअर द्यायचं होतं. ते जमलं नसतं तर त्यांना पुन्हा टायपिंगला बसवणार होते. तेव्हा दर महिन्याला कॉम्प्युटरवाल्यांची एक सभा भरायची. तिथं ज्ञानदेव काकडे नावाच्या एका शिक्षकानं आपण लिहिलेल्या कोडच्या फ्लॉप्या ओळीनं सगळ्यांना वाटल्या. द्वारकाबाईंनी त्यातला नावं जुळवायचा कोड आपल्या कामात घातला आणि काम सुटलं.

पण कंपनीचे तेव्हाचे मालक आप्पासाहेब यांचा नियम कडक होता. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कंपनीची पाटी, खाली आपल्या माणसाचं नाव, बाकी एक ओळ नको. पाटीला जागा करायची म्हणून द्वारकाबाईंनी माथ्यावरच्या काकड्यांच्या चार ओळी पुसल्या. नियमात सगळं बसावं म्हणून कोडच्या आतल्या तुकड्यांची नावंही बदलली. त्यामुळंच आजच्या तपासणीला काही सापडलं नव्हतं. पुढची बढती, घराचं कर्ज, मुलाचं शिक्षण, सगळं त्या फ्लॉपीवर उभं राहिलं. त्या माणसाचे आभार मानायचं रोज मनात यायचं, आणि कोणत्या तोंडानं मानायचे म्हणून राहून जायचं.

आता गप्प बसलं तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर जुन्या माणसांपुढं तेहतीस वर्षांची अब्रू जाणार होती.

सकाळी त्या ऋतुजासमोर बसल्या आणि पुसलेल्या चार ओळी त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. "ज्ञानदेव भिकाजी काकडे. विश्रांतवाडी, पुणे. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. नाव तेवढं राहू द्या."

ऋतुजानं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "सरांकडे जाऊ या."

सर म्हणजे आप्पासाहेबांचा मुलगा इंद्रजीत. लहानपणी शाळेतून आला की द्वारकाबाईंच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"मावशी, कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"हो. हिनं विचारलं."

"गिऱ्हाईकं काय म्हणतील? आणि बाबांचं नाव निघेल."

"सर, हे खातं आपण ह्याचसाठी काढलं ना?" ऋतुजा म्हणाली. "का नुसता बोर्ड लावायचा होता?"

इंद्रजीत बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिला. "शोधा त्यांना," तो शेवटी म्हणाला. "ते नाही म्हणाले तर समारंभ रद्द. नामशोध मुळापासून परत लिहायचं. आणि गिऱ्हाईकांना पत्र मीच लिहीन."

ऋतुजाच्या स्कूटरवर मागं बसून द्वारकाबाई विश्रांतवाडीला गेल्या. पत्ता जुना असला तरी घर तेच होतं. दार ज्ञानदेव काकड्यांनीच उघडलं. ऐंशीच्या घरातले, बनियन आणि लेंगा, हातात निवडायची मेथी.

द्वारकाबाईंनी उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली. "मी तुमचं नाव पुसलं. तुमच्या कोडवर माझा संसार झाला. माफी मागायला आले आणि आभार मानायलाही. आधी कोणतं करायचं ते मला कळत नाही."

"आधी आत या. शेजारी ऐकतात," काकडे म्हणाले.

ऋतुजानं लॅपटॉप पुढं ठेवला. ते चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेले. नावं बदलली होती, तरी आपली मांडणी त्यांनी ओळखली. मध्येच बोट थांबलं.

"हे माझं नाही."

"नाही. ते मी घातलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर बायकांची नावं बदलतात. वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनावही बदलतं. तुमच्या कोडला बाळंतपणाला आलेल्या मुलीचे लहानपणचे कागद सापडायचे नाहीत. म्हणून नव्व्याण्णव साली माहेरचं नाव जोडलं."

काकड्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अर्ध्या गावाला विसरलो होतो की मी." मग ऋतुजाकडे वळले. "माझं नाव घाला वर. खाली ह्यांचं राहू द्या."

"माझं नको," द्वारकाबाई म्हणाल्या.

"का? पुन्हा माझी अट मोडता? नाव राहू द्या म्हटलंय. एकट्या माझंच असं कुठं लिहिलंय?"

ऋतुजानं तिथंच दोन्ही नावं घातली आणि काकड्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली. परवानगीच्या कागदावर सही केली आणि पेन परत देताना द्वारकाबाईंकडे नीट बघितलं.

"तुम्ही सभेला तिसऱ्या रांगेत बसायचात. हातात निळी वही. फ्लॉपी दिली त्या महिन्यानंतर आलाच नाहीत. मला वाटलं, चालली नसेल."

द्वारकाबाईंनी लॅपटॉपवरच्या फाइलकडे बोट केलं.

"चालली," त्या म्हणाल्या. "अजून चालते आहे."