डिझास्टरवाल्या बाईच्या आधी

सून कामाला बसली की खोलीचं दार लावून घेते. माझ्याच घरात मी टकटक करून आत जायचं! घरविम्याच्या कंपनीचे फोन घेते ती. पलीकडे सगळे इंग्रजी बोलणारे. मी जेमतेम दुसरी शिकलेली, पण कान शाबूत आहेत. 'डिझास्टर', 'कॅटॅस्ट्रॉफी' दिवसभर इतकं कानावर पडतं, की एकदा विचारलंच, "काय गं, त्यांच्याकडे रोज भूकंप होतो का?"

"नाही हो आई. गालिच्यावर चहा सांडला तरी डिझास्टर."

"आणि घरच पडलं तर?"

"तेव्हा बरेच जण म्हणतात, जरा अडचण झालीय."

हे ऐकून त्या लोकांबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

काल दुपारी मी दाराशीच वाटाणे सोलत होते. आत तिचा साहेब फोनच्या स्पीकरवरून तिला आपल्याच भाषेत झापत होता. नवी फरशी तडकली म्हणून डिझास्टर-डिझास्टर करणाऱ्या बाईला हिनं थांबवून ठेवलं होतं, आणि 'थोडं पाणी शिरलंय' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे मदतीची गाडी आधी धाडली होती. बाईनं वर तक्रार केली.

"नोकरी अजून कच्ची आहे तुझी," साहेब म्हणाला. "जो मोठं संकट सांगेल त्याला आधी घ्यायचं, हा नियम आहे."

"सर, गाडी पोचली तेव्हा अर्धं घर खचलं होतं. म्हातारा बायकोला धरून जिन्यावर बसला होता."

"पण ते तुला आधी कसं कळलं?"

"माझ्या सासूबाई दूध उतू गेलं तरी 'वाटोळं झालं' म्हणून घर डोक्यावर घेतात. सासरे गेले त्या सकाळी मात्र एवढंच म्हणाल्या, आज चहा एक कप कमी टाक. त्या माणसाचा आवाज तसा होता, सर."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. साहेब म्हणाला, "त्या बाईचं मी बघतो. तू पुढचा फोन घे."

संध्याकाळी दार उघडलं. मला तिथं बसलेली बघून सून चपापली.

"सासूची लक्तरं साहेबापुढे टांगलीस," मी म्हटलं, "पण माणूस बरोबर ओळखलास. उद्यापासून ते दार लावायचं नाही. मला अर्धंच ऐकू येतं."