रियाजचा बर्फाचा बेत आणि माझी फाटकी किनार

मित्रांनो, आधी माझं गाऱ्हाणं ऐका, ओळख मागाहून करून देते.

या रियाजला काही रीत म्हणून नाही. माझी किनार फाडून त्याला सहा वर्षं झाली. शिवली नाही ती नाहीच. वर चंदेरी चिकटपट्टी लावून मोकळा झाला, गाडीच्या फुटक्या पाइपाला लावतात ती. कुणाच्या जखमेला कुणी गाडीची पट्टी लावतं का? आणि आता पंधरा दिवस झाले, रोज माझ्यावर मांडी घालून बसतो, नकाशे पसरतो, पेन्सिलीचं टोक माझ्या अंगात खुपसतो आणि बर्फात जीव द्यायचा बेत आखतो. आईने विचारलं तर म्हणतो, “ऑफिसचं काम आहे.”

मी एक जुनी गोधडी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवते. हर्णैजवळच्या खाडीकाठच्या एका गावात जैतूनने मला शिवलं. वरून तिच्या सासूचं हिरवं लुगडं, आत नवऱ्याच्या, म्हणजे युसुफच्या, चार लुंग्या आणि खालून तिच्या स्वतःच्या लग्नातली ओढणी. दोन महिने ती उंबऱ्यात बसून धावदोरा घालत होती. शाळा तिची दुसरीपर्यंत, पण टाका असा की मुंग्यांनी रांग शिकावी. जिच्या हातचा टाका, तिचीच जीभ मला आली. तेव्हा मी फटकळ बोलले तर मनाला लावून घेऊ नका.

१९९७ साली तिचा रियाज कतारला निघाला. तिने मला त्याच्या बॅगेत कोंबलं. तो म्हणाला, “आये, तिकडे वाळवंट आहे. गोधडी कशाला?”

“ने गप. उघड्या रानातली थंडी तू अजून पाहिली नाहीस.”

तिथल्या अल रय्यानमध्ये एका खोलीत सहा जण राहायचे. भिंतीतला एसी एकदा चालू झाला की बंद होत नसे, त्याचं बटणच तुटलेलं होतं. ते माझे मानाचे दिवस! साताऱ्याकडचा केरबा नावाचा सुतार होता. तो रोज गयावया करायचा, “रियाजभाय, आजच्या दिवस दे की. हिच्यात झोपलं की घरी असल्यागत वाटतंय.” माझ्यासाठी भांडणं झाली आहेत, मित्रांनो. आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

रियाज वाळवंटातल्या एका कॅम्पवर ड्रायव्हर होता. पाहुण्यांना गाडीतून वाळूच्या टेकड्यांवर न्यायचं, दोन दोन दिवस मुक्कामाला ठेवायचं, सुखरूप परत आणायचं. काम तो मन लावून शिकला. टायरमधली हवा किती सोडायची, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. आणि एक कायदा त्याच्या हाडात मुरला. दुपारी अकरा ते तीन हलायचं नाही. सूर्य डोक्यावर असला की टेकडीला सावली नसते, कडा दिसत नाही, गाडी सरळ खाली जाते. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली, सावल्या लांब झाल्या, की निघायचं.

पण विचारायची सवय त्याला कधी लागली नाही. १९९९च्या फेब्रुवारीत कॅम्पवरून एकटाच परतत होता. मी मागच्या सीटवर. जुना ड्रायव्हर म्हणाला होता, लांबून ये. हा जवळच्या वाटेने सबखात शिरला. सबखा म्हणजे खारवट जमीन. वरून पापडासारखी कडक, आत नुसता चिखल. पापड मोडला आणि गाडीची चाकं बुडाली. याने इकडे तिकडे पाहिलं, मला ओढलं आणि चाकाखाली घातलं.

चाक फिरलं तेव्हा काय झालं ते मी सांगणार नाही. किनार फाटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गाडी इंचभरसुद्धा वर आली नाही. सूर्य बुडाला. मग त्याने मला, खाऱ्या चिखलाने भिजलेलीला, तशीच अंगाभोवती गुंडाळली आणि टपावर बसून राहिला. दात एकमेकांवर आपटत होते. “आये, आये,” एवढंच म्हणत होता. उजाडल्यावर दुसऱ्या कॅम्पची गाडी आली म्हणून वाचला. तेव्हापासून अंधार पडायला लागला की माझे टाके आवळतात.

घरी फोनवर त्याने काय सांगितलं? “गोधडी खिळ्याला अडकून फाटली.”

२००१ साली त्याला फॅमिली व्हिसा मिळाला. बायको रुकैया आली, लेक शफा आली, मागाहून जैतूनही आली. आणि त्याच महिन्यात घरात आलं मऊ केसाळ ब्लँकेट. त्यावर वाघाचं तोंड. दातओठ खाणारा वाघ पांघरून कुणाला झोप लागते ते मला माहीत नाही, पण यांना लागायला लागली. मी जमिनीवर गेले. माझ्यावर भाजी निवडली गेली, कपड्यांना इस्त्री झाली. जैतूनने पट्टी पाहिली, कडेने बोट फिरवून जिभेला लावलं, काही बोलली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता.

असो. आता २००५चा जानेवारी. रियाजचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा आणि ज्याच्या मालकीचा तो कॅम्प, त्याचं नाव अबू राशिद. त्याने टीव्हीवर स्नोमोबाईल पाहिली. बर्फावरची मोटारसायकलच ती, पुढे दोन फळ्या, मागे रबरी पट्टा. झालं! बकरी ईदच्या सुट्टीत फिनलंडच्या उत्तरेला जायचं ठरलं. सहा माणसं, पाच दिवस, चार मुक्काम. गाड्या भाड्याने देणाऱ्याने ईमेलवर विचारलं, गाईड हवा का? अबू राशिद हसला म्हणे. “वाळवंटातल्या माणसाला गाईड? आमचा रियाज आहे ना!”

रियाज म्हणाला, “इन्शाल्ला.”

आणि घरी येऊन माझ्यावर बसला. बाहेरून मोठा शांत. पण त्याची मांडी माझ्यावर थरथरत होती, ती मलाच कळत होती. मुक्कामाच्या कुठल्या झोपडीची किल्ली कुणाकडे, पेट्रोल कुठे मिळणार, किती डबे बरोबर बांधायचे, सगळं लिहून काढलं. बेत दिसायला देखणा होता. पण त्याच्या घामाचा वास सबखातल्या त्या संध्याकाळचा होता. मी त्याला कशी थांबवणार? मला हात नाहीत. चुरगळायचं आणि नकाशा सरळ राहू द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं. ते मी केलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर तो पुन्हा नकाशा घेऊन बसला. जैतून समोर सुपात तांदूळ निवडत होती. रुकैया आत मासे धूत होती. शफा कॉम्प्युटरवर खेळत होती.

“रियाज,” जैतूनने मान वर न करता विचारलं, “असलं कसलं रे तुझं ऑफिस, जिथे लोकरीचे तीन तीन हातमोजे लागतात?”

तो नकाशाची घडी घालू लागला.

“बॅग मी उघडली. मेल्या, आईची नजर चुकवायला सुद्धा अक्कल लागते.”

मग त्याने सगळं सांगितलं. देश सांगितला, गाड्या सांगितल्या. थंडी उणे पंचवीस हे पुटपुटत सांगितलं.

“उणे म्हणजे किती?”

आतून रुकैया म्हणाली (सासूला ती मामीच म्हणते), “मामी, आपल्या फ्रिजरच्याही खाली.”

जैतूनचा हात सुपात थांबला. “फ्रिजरमध्ये सुरमई लाकूड होते माझी.”  मग तिने विचारलं, “तिथे नमाजच्या वेळा काय?”

“असतील इथल्यासारख्याच थोड्या पुढे मागे. आये, मला काम करू दे.”

“शफा, तुझ्या त्या डब्यात बघ गो. बाप तुझा जातोय त्या गावच्या वेळा काढ.”

शफाला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच निघतं. तिने टकटक केलं. “ओके दादी. जोहर, ट्वेल्व्ह ट्वेंटी फाइव्ह. असर, वन ओ क्लॉक. मगरिब, टू फिफ्टीन.”

“दोन पंधरा? पहाटेचे?”

“नो दादी. आफ्टरनून.”

“आफ्टरनून म्हणजे दुपार ना? दुपारी सव्वादोनला मगरिब?”

“कॉम्प्युटर चुकलाय,” रियाज म्हणाला. पण त्याची मांडी आता इतकी हलत होती की माझी घडी सुटली.

जैतूनने सूप बाजूला ठेवलं. “पन्नास वर्षं मी सूर्य बघून नमाज पढते. मगरिब म्हणजे सूर्य बुडाला. तिथे तो दुपारीच बुडतोय. आता तुझा कागद वाच. मोठ्याने.”

“सकाळी आठला निघायचं.” त्याचा आवाज बारीक झाला. “अकराला थांबायचं. अकरा ते तीन आराम. तीन ते सहा, पुढचा टप्पा. साठ किलोमीटर.”

“शफा, तिथे सूर्य उगवतो कधी?”

“टेन ट्वेंटी फोर.”

मित्रांनो, मला अंक येत नाहीत, पण हे मलासुद्धा कळलं. दिवसाचे चार तास, आणि त्यातला मोठा वाटा रियाजने आरामात घालवायचा ठरवला होता. बाकी सगळा प्रवास अंधारात, कधी न पाहिलेल्या जंगलातून, गाईड नाही, सहा माणसं याच्या मागे. वाळूचा कायदा त्याने जसाच्या तसा बर्फावर नेऊन ठेवला होता. मला वाटलं चाक फिरतंय, पुन्हा फिरतंय.

रियाजने पेन्सिल खाली ठेवली. “आये,” तो म्हणाला, “मी त्या सगळ्यांना घेऊन...” 

“मालकाला फोन लाव.”

“काय सांगू? अख्ख्या कतारमध्ये मिरवतात ते, माझ्या रियाजला रस्ता विचारावा लागत नाही म्हणून. नोकरी जाईल.”

“जाऊ दे. नोकरी गेली तर मासे विकू. तू लाकूड झालास तर तुला कुठे विकू?”

त्याने नंबर लावला. सलाम केला. मग मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला. “मा अदरी, अबू राशिद. मला माहीत नाही. वाळू माहीत आहे. बर्फ मला माहीत नाही.” मग त्याने सूर्याच्या वेळा वाचून दाखवल्या.

 पलीकडे आवाज चढला. मग उतरला. रियाज “हो, हो, शुक्रान” म्हणत राहिला. फोन ठेवून तो म्हणाला, “गाईड घ्यायचा. दहाला निघायचं, दोनच्या आत झोपडीत. टप्पे निम्मे करायचे. म्हणाले, हे आधी का नाही बोललास.”

“मी पण तेच विचारते,” जैतून म्हणाली.

भीती गेली का? नाही, मित्रांनो. तो जाणारच आहे, आणि तो परत येऊन दार उघडीपर्यंत माझा एकही टाका सैल होणार नाही. तुम्हाला एवढंच मागते. जे फाटलं असेल ते पट्टीखाली लपवू नका. घरात सुई असते, शिवणारं माणूस असतं, त्याला दाखवा. आणि गोधडी जुनी झाली म्हणून तिच्यावर इस्त्री करू नका, भाजते.

मग रियाजने मला उचललं आणि बॅगेकडे निघाला. “हिला नेतो. हिच्यात बरं वाटतं.” 

“थांब.” जैतून उठली. तिने मला त्याच्या हातातून घेतलं, कोपरा शोधला आणि चंदेरी पट्टी एका झटक्यात ओढून काढली. आतल्या दोऱ्यांत अजून मिठासारखं पांढरं काही चकाकत होतं. तिने बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि लेकाकडे पाहिलं.

“खिळा खारट नसतो, रियाज. आल्या दिवशीच कळलं होतं मला. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. वाळूत तू शहाणा असशील, बर्फात तू पोर आहेस. पोरासारखा जा, पावला पावलाला विचारत जा. गोधडी इथेच राहील. परत येऊन ही किनार तू शिवायचीस, तुझ्या हाताने. सुई मी ओवून ठेवते.”