सव्वीस नंबरची शेवटची नऊ मिनिटं

घरातल्या मधल्या खोलीची एक भिंत तीन वर्षं ओली होती. पाणी काही गळत नव्हतं. पण हात लावला की गार लागायचं, रंगाला फुगे यायचे आणि फुगा फोडला की आतून पांढरी भुकटी सांडायची. दोनदा रंग खरवडून नवा दिला, एकदा ओल रोखणारा लेप दिला. भिंतीने दर वेळी पाच-सहा महिने मान राखला आणि मग पुन्हा आपलं तेच.

प्लंबरने घराचा मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवून पाहिला. ओल तसूभर हलली नाही. घरातल्या म्हातारबुवांनी त्याला सांगितलं, की या खोलीत पूर्वी एक बेसिन होतं, खिडकीखाली. त्याने खिडकीखालची भिंत फोडली, तर आत कोरड्या विटा. मग त्याने निकाल दिला, की पाणी तुमचं नाहीच, पलीकडच्या घरातून येतंय. पलीकडच्यांनीही आपला व्हॉल्व्ह बंद ठेवून दाखवला. तरी ओल तशीच. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं जरा जपूनच व्हायला लागलं.

घरात तिघं. नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. हे वडील एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. आता वय एक्याऐंशी, पण औषधाच्या डबीवरच्या छोट्या अक्षरातली चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर भिंगाखाली बारीक ब्रश आणि कोरणी घेऊन बसायचं तिचं काम, आणि कुठल्याही गोष्टीचं ‘का’ विचारल्याशिवाय राहायचं नाही हा स्वभाव. तिच्या नणंदेने लग्नानंतर महिन्याभरातच तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं.

त्या ओल्या भिंतीला टेकून एक लाकडी कपाट होतं. एका रविवारी सकाळी सुनेने ते उघडलं, तर कुबट वासाचा भपकारा आला. आत सासऱ्यांच्या बेचाळीस व्हिडिओ कॅसेट होत्या. सगळे जुने काळे-पांढरे चित्रपट, टीव्हीवर लागले तेव्हा उतरवून घेतलेले. प्रत्येकीवर चिठ्ठी होती, तिच्यावर चित्रपटाचं नाव, साल, मिनिटं आणि काही लाल ठिपके. जाहिराती आल्या की सासरे रेकॉर्डिंग थांबवत. चित्रपट परत सुरू झाल्यावर कधीकधी बोट उशिरा पडे आणि एखादं वाक्य निसटे. जितकी वाक्यं निसटली तितके ठिपके. आता त्या कॅसेटच्या इवल्या खिडक्यांतून आत पांढरा कापसासारखा थर दिसत होता.

नवरा म्हणाला, टाकून देऊ, घरात ते लावायचं यंत्रसुद्धा राहिलेलं नाही. सासरे चष्मा पुसत आपल्या खोलीत गेले. सुनेला ते काही बघवेना.

बाजारात एक दुरुस्तीवाले होते. पूर्वी व्हिडिओची यंत्रं दुरुस्त करायचे, आता मिक्सर आणि पंखे. पण लोक अजून त्यांना ‘डेकवाले’च म्हणत. सून एक कॅसेट पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली. त्यांनी आधी बजावलं, की अशी कॅसेट चुकूनही यंत्रात घालायची नाही. एकीची बुरशी यंत्राला लागते आणि यंत्राची पुढच्या दहा जणींना. पहिल्यांदा आठवडाभर कोरड्या, हवेशीर खोलीत उभ्या करून ठेवायच्या, आडव्या नाही. मग पालथी घालून मागचे पाच स्क्रू काढायचे, आतल्या चकत्या कशा बसल्यात त्याचा फोटो घ्यायचा, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने फितीच्या कडा झटकायच्या, आणि हे काम घराबाहेर करायचं. त्यांनी माळ्यावरून एक जुनं यंत्र काढून दिलं. आतलं गोल फिरणारं डोकं, म्हणजे हेड, कसं पुसायचं तेही दाखवलं. स्पिरिटचं फडकं स्थिर धरायचं आणि डोकं हाताने हळू फिरवायचं. फडकं वर-खाली घासलं तर संपलंच. ती म्हणाली, दातांना पॉलिश करताना आमचंही असंच असतं. डेकवाल्यांना ते फार पटलं.

मग रोज कामावरून आल्यावर तासभर मागच्या पडवीत हे चालायचं. सासरे जरा लांब खुर्ची टाकून बसत आणि चिठ्ठ्या वाचून दाखवत. कुठल्या चित्रपटात कॅमेरा जिना उतरतो, कुणाची भूमिका आयत्या वेळी दुसऱ्याला मिळाली, असं सगळं सांगत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण ते इतकं बोलतात हे तिला माहीत नव्हतं.

सव्वीस नंबरची कॅसेट हातात आली तेव्हा मात्र ते म्हणाले, “ही राहू दे. टाकून दे ही.”

तिने कारण विचारलं. चित्रपट सुमार आहे, म्हणाले, आणि सत्तावीस मागितली.

सुनेने ती बाजूला ठेवली, टाकली नाही. बाकीच्या एक्केचाळीस झाल्या, तरी सव्वीस पडवीतल्या फळीवर तशीच. सुमार चित्रपट त्यांच्याकडे आणखीही होते. त्यांच्या सुमारपणाबद्दल तर ते रंगून बोलले होते. शिवाय या कॅसेटची चिठ्ठी इतरांपेक्षा जाड लागत होती. एकावर एक दोन असाव्यात. भिंगाखाली काम करणाऱ्या माणसाच्या बोटांना असलं काही कळल्यावाचून राहत नाही. आठ दिवस तिने दम धरला. मग वाफेवर धरून वरची चिठ्ठी अलगद सोडवली. खाली दुसऱ्याच कुणाच्या गचाळ अक्षरात दोन शब्द होते: ‘घर, दिवसभर’.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सासरे केस कापायला गेल्यावर तिने सव्वीस स्वच्छ करून यंत्रात घातली. चित्रपट एका कोर्टातल्या दुभाष्याचा होता. आरोपीला वाचवण्यासाठी तो मुद्दाम चुकीचं भाषांतर करतो. सुमार तर अजिबात नव्हता. पुढे पळवत बघायचं ठरवून बसलेली ती दहाव्या मिनिटाला गुंतली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. पडद्यावर ‘समाप्त’ आलं. चित्र थरथरलं, मुंग्या आल्या आणि एकदम रंगीत झालं.

पडद्यावर हीच मधली खोली होती. एक बाई पाठमोरी उभी राहून बेसिनमध्ये कप विसळत होती. चार-पाच वर्षांची एक मुलगी डोक्यावर ताटली तोलत समोरून गेली. बाईने मान वळवली. सासूबाई. सुनेने त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं, हार घातलेल्या, गंभीर. इथे त्या कपाळावरची बट मनगटाने मागे सारत कॅमेऱ्याच्या मागे असलेल्या कुणाला तरी म्हणत होत्या, “अहो, हा नळ नीट बंद होत नाही. तिसऱ्यांदा सांगतेय.” आणि न दिसणारा पुरुषी आवाज म्हणाला, “उद्या बघतो.”

आवाज सासऱ्यांचा होता, फक्त तरणा.

सून ते पुन्हा मागे घेऊन बघायला लागली, आणि दुसऱ्या वेळी तिचं लक्ष माणसांवरून भिंतीवर गेलं. बेसिनच्या डावीकडे दाराची चौकट, उजवीकडे विजेच्या बटणांची पाटी. दोन्ही आजही तिथेच होती. म्हणजे बेसिन खिडकीखाली नव्हतंच, बरोबर कपाटाच्या जागी होतं. आणि नळाचा पाइप न्हाणीघराच्या बाजूने न येता थेट छतातून खाली उतरला होता. तिने चित्र थांबवलं आणि उठून त्या भिंतीवर हात ठेवला. गार.

तेवढ्यात दार वाजलं. सासरे आले, मानेवर पावडरचा पट्टा तसाच. तिला काही लपवायचं नव्हतं, पण पडद्यावर थांबलेलं चित्र त्यांनी असं अचानक पाहू नये, म्हणून ती दारातच उभी राहिली.

“बाबा, सव्वीस नंबर मी लावली. टाकली नव्हती.”

ते चपला काढत होते. दुसरी काढायला त्यांना वेळ लागला. “मग कळलंच असेल तुला,” ते म्हणाले.

आणि मग भिंतीचा आधार घेऊन उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या मेहुण्याने एकदा कुठून तरी कॅमेरा आणला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने घरातलं जे दिसेल ते टिपलं आणि त्यातलं सव्वादोन तासांचं या कॅसेटवर उतरवून दिलं. दुसऱ्या वर्षी हा चित्रपट टीव्हीवर लागला. सुरू व्हायला दोन मिनिटं उरलेली, कोरी कॅसेट सापडेना. मेहुण्याचं ते अक्षर त्यांनी वाचलंच नाही, हाताला लागली ती कॅसेट घातली. चित्रपट संपल्यावर यंत्र बंद केलं, कॅसेट बाहेर काढली आणि तेव्हा वाचलं.

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या,” ते म्हणाले, “आणि दोन शब्द वाचायचे राहिले. तिने किती वेळा विचारलं, ती कॅसेट लावा ना. मी सांगितलं, बुरशी लागलीय. त्यानंतर चार वर्षं होती ती. चार वर्षं मी बुरशीवर निभावून नेलं.”

“बाबा, सगळी गेली नाही. चित्रपट आधी संपतो.”

त्यांना नीट उमगलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

“किती राहिलंय?”

“नऊ मिनिटं.”

“त्यात आहे का ती?”

“आहेत. तुमच्याशी भांडताहेत.”

ते आत येऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी ती नऊ मिनिटं न हलता पाहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. संपल्यावर म्हणाले, परत लाव. दुसऱ्या खेपेला ते पुढे वाकले आणि पडद्याशीच वाद घालू लागले. हे बेसिन इथं कसं, ते तर खिडकीखाली होतं, मेहुण्याने काही उलटंसुलटं तर केलं नाही ना. सुनेने चौकट दाखवली, बटणांची पाटी दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शेवटी कबूल केलं, की खिडकीखाली होता तो धुण्याचा दगड. “नळ काही मी बघितला नाही,” ते हळूच म्हणाले. “पुढे कंटाळून बेसिनच काढून टाकलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. सुनेने त्याला आधी खुर्चीवर बसवून ते चित्र दाखवलं. असं काही पाहून काम करायची त्याची पहिलीच वेळ होती. तो शिडी लावून वर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे, शेवाळ्याखाली, अंगठ्याएवढा गंजलेला व्हॉल्व्ह त्याला सापडला. ही लाइन टाकीतून सरळ निघाली होती, घराच्या मुख्य व्हॉल्व्हशी तिचा संबंधच नव्हता. त्यामुळे तो बंद केला काय आणि उघडा ठेवला काय. कपाट ओढून भिंत फोडली तेव्हा छातीच्या उंचीवर पाइपाचं तोंड मिळालं. त्यावरची लोखंडी टोपी गंजून चाळण झाली होती आणि तिच्यातून थेंब झिरपत होता, मोजायला बसलं तर मिनिटाला एक. प्लंबरने वरून लाइन तोडून कायमची बंद केली आणि सांगितलं, की आता दोन महिने या भिंतीला प्लास्टर नको, रंग नको, काही टेकवूही नका. आतली ओल तिच्या चालीने बाहेर येऊ द्या. नवरा त्याच संध्याकाळी पलीकडच्या घरी गेला आणि स्पष्ट माफी मागून आला.

रविवारी नणंद आली. डोक्यावर ताटली घेतलेली मुलगी ती होती. तिने पाहिलं, रडली, आणि मग वडिलांवर चिडली. कॅसेट खराब झाली असं तीही इतकी वर्षं धरून चालली होती. सून मध्ये पडायला गेली, तर सासऱ्यांनी हाताने थांबवलं आणि मेहुण्याच्या कॅमेऱ्यापासून सगळं मुलीला पुन्हा स्वतः सांगितलं, बुरशीच्या थापेसकट. ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच बसली. अर्ध्या तासाने बाहेर येऊन तिने विचारलं, “बाबा, त्या आधीच्या दोन तासांत काय होतं? तुम्ही एकदा तरी पाहिली असेल ना?”

त्यांनी दोनदा पाहिली होती. सुनेने वही आणली.

आता नणंद दर रविवारी येते. सासरे आठवेल तसं सांगतात, नणंद मध्येच अडवते, आणि सून लिहून घेते. सासरे नंतर लाल पेन घेऊन वही तपासतात. जिथे स्वतःचीच खात्री नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह काढतात, आणि अशी चिन्हं पुष्कळ आहेत. सध्या वही सकाळच्या साडेअकरापर्यंत पोचली आहे. कुणीतरी दार वाजवतं आणि सासूबाई पदराला हात पुसत उघडायला जातात. सासरे म्हणतात, दारात शिंपी होता, पडदे घेऊन आलेला. नणंद म्हणते, शेजारची काकू होती, आणि तिच्या हातात मांजराचं पिल्लू होतं. सुनेने दोन्ही लिहून ठेवलं आहे.