झोपाबाईंचा वॉर्ड उभा राहतो

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डच्या मुख्य परिचारिकेला सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘झोपाबाई’ म्हणायचं. ऑपरेशन झालेला पेशंट जरा उठू लागला, की बाई दारातूनच कडाडायच्या, "झोपा! हलायचं नाही!" अख्खी नोकरी त्यांनी या एका हुकमावर काढली होती. आणि आता नवे अभ्यास सांगत होते नेमकं उलट: ऑपरेशनच्याच दिवशी पेशंटला उठवून चालवलं, तर तो लवकर बरा होतो. ही पद्धत आधी एकाच वॉर्डात सुरू होणार होती. कुठला वॉर्ड त्यासाठी तयार आहे, ते तपासायला बाहेरून एक तज्ज्ञ मुलगी आली होती.

बाईंना हा मान अगदी जिवापाड हवा होता. दुसरा उमेदवार वरच्या मजल्यावरचा वॉर्ड होता आणि तिथली मुख्य परिचारिका म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. मान वरच्या वॉर्डाला गेला, तर घरी वर्षभर तोंडी लावायला तोच विषय.

म्हणून बाईंनी सगळ्यांना पोपटासारखं पढवून ठेवलं होतं.

"ऑपरेशनच्याच दिवशी पेशंटला चालवायचं, ही नवी पद्धत पटते का?" तज्ज्ञ मुलीने विचारलं.

"पटते!" दोन्ही नर्स एका सुरात म्हणाल्या.

"काही अडचण?"

"छे!" वॉर्डमामा तर प्रश्न संपायच्या आतच म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावर समाधान मावेना. तेवढ्यात खिडकीसमोरच्या खाटेवर हालचाल झाली. तिथे एक निवृत्त पोस्टमन होते, सकाळीच हर्नियाचं ऑपरेशन झालेले. जन्मभर घरोघर चाललेल्या माणसाला पडून राहणं म्हणजे शिक्षाच. कानावर आलेलं बोलणं त्यांनी मनावर घेतलं, पाय खाली सोडले आणि उभे राहिले.

"झोपा!"

बाई ओरडल्या, दोन्ही नर्स ओरडल्या, मामाही ओरडले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेसुद्धा आवाज मिसळला. पोस्टमन मटकन खाली बसले.

"अहो, आत्ताच तर चालवायचं म्हणालात! एक काय ते ठरवा की!"

तज्ज्ञ मुलगी तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. बाईंना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. झाकली मूठ आता उघडलीच होती.

"पटतं हो मला," त्या म्हणाल्या. "वाचलं की पटतं. पण कुणी उभं राहिलं की वाटतं, आता पडणार. मागे एक पेशंट असाच उठला, घसरला, खुबा मोडला त्याचा. बोलणी मी खाल्ली, पण त्याचं कण्हणं अजून कानात आहे."

बाईच खरं बोलल्यावर इतरांना कशाची भीती?

"आधाराचा वॉकर एकच आहे," मामा म्हणाले. "तोही स्टोअरमध्ये, कुलपात. स्टोअरवाले दुपारीच घरी जातात."

"आणि दुखणं आधी कमी केलं नाही, तर पेशंट चालेल कसा?" धाकटी नर्स म्हणाली. "शिवाय पडला तर खापर आमच्याच डोक्यावर!"

मुलगी भराभर लिहीत होती. गेला मान, बाईंच्या मनात आलं. जावेचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे आला. जायचंच आहे तर निदान या म्हाताऱ्याचं भलं होऊ दे, म्हणून त्या उठल्या.

"चला आजोबा. डॉक्टरांनी परवानगी दिलीच आहे. सावकाश. चक्कर आली तर लगेच सांगा."

खिडकीपर्यंतचं अंतर ते काय! पण बाईंच्या तळहातांना घाम फुटला होता. दोघं पोहोचले तेव्हा आजोबांपेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती.

मुलगी मागोमाग आली. "बाई, इथूनच सुरुवात करू या."

"आम्ही तर नापास झालो ना?"

"तयार तर कुणीच नाही. वरच्या वॉर्डात सगळे म्हणाले, अडचण कसलीच नाही. मग मी सुधारू काय? तुमचं कुलूप उघडता येईल, औषधाचं बघता येईल. आणि भीती वाटत असूनही तुम्ही यांना चालवलंत."

बाईंना इतका आनंद झाला, की जावेला फोन लावायला हात खिशाकडे गेलासुद्धा.

"बाई," पोस्टमन म्हणाले, "अजून एक फेरी?"

"झो—"

बाईंनी उरलेला शब्द गिळला, फोन खिशातच राहू दिला आणि त्यांच्या कोपराखाली हात घातला.