भेटीचा शेरा

आम्रपालीने चेक टेबलावर ठेवला, पण त्यावरचं बोट उचललं नाही.

"आधी पत्र," ती म्हणाली. "येणं बाकी नाही आणि क्रेडिट रिपोर्टमधली नोंद काढायला कळवलं आहे, असं फायनान्स कंपनीच्या लेटरहेडवर. मग चेक."

बाळ ओगले चष्मा पुसत होते. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांची वसुलीची एजन्सी होती. खालून मधूनमधून ड्रिलचा आवाज वर यायचा.

"बाई, नुसतं मुद्दल देऊन पूर्ण पत्र मागताय. खाली डॉक्टरांना विचारून या, अर्धी दाढ काढून देतात का."

ती हसली नाही. वारजेच्या फ्लॅटसाठी बँकेने तिला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती आणि आज सोमवार होता. पगार, कागदपत्रं, सगळं बँकेला पसंत होतं. अडलं होतं ते रिपोर्टमधल्या एका ओळीपाशी. नव्याण्णव साली वडिलांनी, पोपटरावांनी, एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला होता. सह-कर्जदार म्हणून एकोणीस वर्षांच्या आम्रपालीची सही होती. नऊ हप्ते गेले आणि ते कामाला होते तो हडपसरचा कारखाना बंद पडला. कंपनीने पुढे ते कर्ज बुडीत म्हणून सोडून दिलं. वडील जाऊनही तीन वर्षं झाली होती, ओळ मात्र दहा वर्षांनी तिच्या नावावर जिवंत होती. शुक्रवार टळला, तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता आणि बिल्डर बुकिंगचे एक्कावन्न हजार परत देणार नव्हता.

मुद्दल बावीस हजार आठशे. ओगल्यांनी व्याजाचे एकतीस हजार मागितले होते. दोन आठवडे फोनवर घासाघीस करून तिने ते बारावर आणले होते आणि आता शून्यावर आणायला ती स्वतः आली होती. चुका शोधण्याचाच तिला पगार मिळत असे. हडपसरच्या आयटी पार्कमध्ये ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती.

"व्याज कुठल्या तारखेपासून लावलंय ते बघायचंय," ती म्हणाली. "फाईल दाखवा."

"बघा. हिशोब चुकलेला सापडला, तर चहा माझा."

फाईल पिवळी पडली होती. करार, दुकानाचं बिल, नऊ पावत्या. मग आखीव कागदांवर वसुलीवाल्याच्या भेटींची नोंद. प्रत्येक भेटीखाली एकच सही, रंगराव.

तिचं पान उलटणारं बोट थांबलं.

रंगराव रविवारी यायचे, सायकलवरून, खाकी पिशवी घेऊन. त्यांची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की पोपटराव मागच्या दाराने बाहेर पडायचे. आई, कांताबाई, कॉम्प्युटरवर आपली जुनी साडी टाकायची आणि आम्रपालीला पुढ्यात वही घेऊन बसवायची. दोन खोल्यांचं घर. कॉम्प्युटर बाहेरच्याच खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली होता. रंगराव बरोबर त्याच्यासमोरच्या लोखंडी खाटेवर बसायचे. मालक कामाला गेलेत का, विचारायचे. कांताबाई व्हय म्हणायची. कारखाना बंद आहे हे त्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

एका रविवारी घंटी ऐकूच आली नाही. आम्रपाली प्रोग्रॅम लिहीत होती. दारात चपला वाजल्या तेव्हा आईला साडी टाकायला जेमतेम वेळ मिळाला. कॉम्प्युटर बंद करायचा राहून गेला. साडीखाली पंखा घरघरत राहिला. पडद्याचा उजेड काठातून झिरपत होता.

रंगराव खाटेवर बसले.

"फ्रीज घेतला वाटतं, वहिनी," ते म्हणाले. "आवाज येतोय."

कांताबाईने साडीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"व्हय दादा. फ्रीजच हाय."

"मग गार पाणी द्या घोटभर. उन्हाचा आलोय."

ती आत गेली आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली. रंगरावांनी ते सावकाश पिऊन टाकलं. गार आहे, म्हणाले. उठताना त्यांनी आम्रपालीची वही पाहिली. ती उलटी होती. त्यांनी ती सुलटी करून तिच्या मांडीवर ठेवली आणि चपला घातल्या. त्यानंतर ते कधी आले नाहीत. पुढची दोन वर्षं साडी फक्त धुळीसाठी टाकली जायची. त्याच कॉम्प्युटरवर शिकून आम्रपालीला पहिली नोकरी लागली.

तिने पान उलटलं. शेवटची भेट, चौदा मे दोन हजार. जप्तीसाठी वस्तू पाहणे. खाली निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात शेरा होता. 'वस्तू घरात आढळली नाही. फक्त फ्रीज आहे.'

खाली ड्रिल थांबलं होतं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, मग पुन्हा खाली ठेवला.

"काय झालं?" ओगल्यांनी फाईल स्वतःकडे फिरवली. शेरा वाचून त्यांनी मान हलवली. "हा रंगराव. सासवडकडचा. याला कुठल्याच घरात वस्तू दिसायची नाही. घरी न जाताच शेरे ठोकतो, असं कंपनीचं म्हणणं पडलं. त्याच वर्षी काढला त्याला."

"आता कुठे असतात?"

"कोण जाणे." ते थोडे पुढे झुकले. आवाजातला खवचटपणा पहिल्यांदाच गेला होता. त्यांनी सांगितलं, की यात तिचं काम होण्यासारखं आहे. हा माणूस आमच्या घरी आलाच नव्हता, भेट खोटी दाखवली, एवढ्या दोन ओळी तिने लिहून द्याव्यात. मग चूक कंपनीची ठरते. व्याज माफ, बुधवारपर्यंत पत्र हातात. मुद्दल आलं की त्यांचंही कमिशन सुटतं.

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

आम्रपालीने पेन उघडलं. बारा हजार तिने वारजेच्या फ्लॅटच्या वीजमीटरसाठी आणि सामान हलवायला बाजूला काढले होते. ती कोऱ्या कागदाकडे पाहत राहिली. मग तो उचलून तिने फाईलवर ठेवला, टेबलावरचा चेक घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि पर्समधून चेकबुक काढलं.

"भेट खरी आहे," ती म्हणाली. "आले होते ते."

चौतीस हजार आठशे. अक्षरी रक्कम लिहून तिने पुढे 'फक्त' लिहिलं, रेघ ओढली, सही केली. चेक ओगल्यांसमोर ठेवला आणि त्यावर बोट ठेवलं. पत्र हवंच होतं.

ओगले एकदा चेककडे, एकदा शेऱ्याकडे पाहत होते. दुकानाचं बिल त्यांनी पुन्हा उलटून पाहिलं.

"त्या काळी हप्ते थकलेल्या घरात फ्रीज?"

"होता," आम्रपाली म्हणाली. "आईने त्यांना त्यातलंच पाणी दिलं होतं."